ओळखीचे देणे

व्यवसायशिक्षणाच्या ज्या मोठ्या विद्यालयांकडे आज जगभरचे तरुण ओढले जातात, ती विद्यालये दोन वस्तू देतात : एक विद्या आणि दुसरी ओळख. जमाखर्चाचे शास्त्र, बाजारपेठेचा अभ्यास, माणसे कशी हाताळावीत याचे विवेचन, हे सारे ग्रंथांतून अल्प खर्चात मिळू शकते. तरीही घरे गहाण टाकून मुलांना तेथे पाठविले जाते ते पुष्कळ अंशी दुसऱ्या वस्तूसाठी. शेजारच्या बाकावरचा परदेशी सहाध्यायी उद्या एखाद्या पेढीचा प्रमुख होईल आणि त्या वेळी आपला दूरध्वनी तो उचलील, ही आशा शुल्कात धरलेली असते. या जोडकामास ‘नेटवर्किंग’ असे नाव असून ते कौशल्य म्हणून शिकविले जाते.

विद्यालयेही आपापसांत असाच स्नेह जोडीत आली आहेत. १९६१ साली अहमदाबाद व कलकत्ता येथे आपल्या दोन व्यवस्थापन संस्था निघाल्या. पहिलीने हार्वर्डशी आणि दुसरीने मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेशी संबंध जोडला. त्यास फोर्ड प्रतिष्ठानचे साहाय्य होते. १९८८ साली युरोपातील चार विद्यालयांनी ‘सेम्स’ नावाचा संघ उभारला. २००१ साली हैदराबादेस ‘इंडियन स्कूल ऑफ बिझनेस’चे वर्ग सुरू झाले, त्यामागे व्हॉर्टन व केलॉग या अमेरिकी विद्यालयांचा हात होता. ज्ञान देशोदेशी हिंडावे, अध्यापकांनी एकमेकांच्या वर्गांत बसावे, यात वाईट काय आहे? काहीच नाही. आमचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. उपयोगासाठी जोडलेली ओळख जेव्हा आपले देणे मागावयास येते, तेव्हा ते देणे कोणाच्या खिशातून द्यावयाचे?

उपयोगासाठी केलेला स्नेह मुळातच हीन, असे मानणाऱ्यांपैकी आम्ही नाही. ज्या समाजाने गोमंतकातून विस्थापित होऊन कारवार, मंगळूर, बेळगावापर्यंत आपली कुलदैवते बरोबर नेली, त्याला ओळखीचे मोल कोणी शिकवावयास नको. अनोळखी गावात पहिली रात्र ज्ञातीतल्या कोणाच्या तरी ओसरीवर काढावयाची आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच शब्दावर दुकानातली नोकरी मिळवावयाची, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. हुंडी तरी काय होती? एका गावच्या माणसाच्या शब्दावर दुसऱ्या गावच्या माणसाने मोजलेला पैसा. १९०६ साली मंगळूरास अम्मेंबळ सुब्बराव पै यांनी पुढे कॅनरा बँक झालेला निधी काढला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईत तालमकींनी शामराव विठ्ठल सहकारी पेढी उभी केली, ती याच भांडवलावर. (या ओसरीवर सगळ्यांनाच जागा नव्हती, हेही येथेच सांगितले पाहिजे. ज्याला ज्ञात नाही त्याला ओळख नाही आणि ज्याला ओळख नाही त्याला पत नाही, असा तो काळ होता. तो सरला असे म्हणण्याचे धैर्य आम्हांस होत नाही.)

मराठीत ‘ओळख’ हा शब्द मोठा चमत्कारिक आहे. कोकणीतल्या ‘वळखे’चीही तीच गत. माणूस खरोखर काय आहे हे जाणणे ती ओळख, आणि ‘त्याची वर ओळख आहे’ यातलीही ती ओळखच. पहिल्या अर्थाने माणूस साध्य असतो, दुसऱ्या अर्थाने साधन. भाषेने दोन्ही एका शब्दात कोंबली, कारण व्यवहारात ती एकमेकांत मिसळलेलीच आढळतात.

सहाध्यायाच्या ओळखीची सर्वांत कठोर कथा महाभारताच्या आदिपर्वात आहे. द्रोण आणि द्रुपद एका आश्रमात शिकले. पोरवयात द्रुपदाने शब्द दिला : मी राजा होईन तेव्हा माझे राज्य तुझ्याही भोगाचे. पुढे द्रोणाच्या घरी दारिद्र्य आले. अश्वत्थाम्याला दूध म्हणून पाण्यात कालवलेले पीठ पाजून इतर मुलांनी त्याची थट्टा केली. तेव्हा बाप जुन्या मित्राच्या दारी गेला. द्रुपदाने उत्तर दिले की राजाचे सख्य राजाशीच होते, दरिद्र्याचे धनवंताशी होत नसते. कीर्तनात ही कथा निघाली की आपण सारे द्रुपदाला दोष देऊन मोकळे होतो. द्रुपद कठोर होता यात शंका नाही. परंतु द्रोणाचेही वर्तन पाहावे. बालपणीचा शब्द त्याने हुंडीसारखा जपून ठेवला होता आणि ती वटत नाही म्हणताच वसुलीची तजवीज केली. कौरव-पांडवांना शिकवून गुरुदक्षिणेत द्रुपदाला बांधून आणविले, अर्धे राज्य घेतले, आणि आता आपण दोघे राजे झालो, तेव्हा सख्य होण्यास हरकत नाही, असे त्याचेच वाक्य त्याला परत केले. त्यावर द्रुपदाने यज्ञ करून द्रोणाला मारणारा पुत्र मागितला. ज्यांचा या सख्याशी काही संबंध नव्हता अशा किती जणांनी या हिशेबात प्राण दिले, हे व्यासांनी पुढील पर्वांत दाखविले आहे. कृष्ण आणि सुदामा हेही सहाध्यायी, उज्जयिनीतल्या सांदीपनींच्या आश्रमातले. तेथे मागणाऱ्याने काही मागितले नाही आणि देणाऱ्याने जे दिले ते स्वतःचे दिले. या दुसऱ्या गोष्टीचे महत्त्व आम्हांस अधिक वाटते.

कारण आपल्या काळात घडलेली एक गोष्ट नेमकी या ठिकाणी अडते. राज राजरत्नम आणि अनिल कुमार हे १९८३ साली व्हॉर्टनमधून बाहेर पडलेले सहाध्यायी. एक अमेरिकेत गॅलियन नावाचा गुंतवणूक निधी चालवी. दुसरा मॅकिन्से या सल्लागार पेढीत भागीदार झाला. वीस वर्षांनी जुनी ओळख कामास आली. वर्षाला पाच लक्ष डॉलर देऊन राजरत्नम यांनी आपल्या सहाध्यायाकडून माहिती घेण्यास आरंभ केला. पेढीच्या नियमांत हे बसत नव्हते, म्हणून गुंतवणूक कुमार यांच्या घरकामास असलेल्या बाईच्या नावे दाखविली गेली. मॅकिन्सेवर विश्वास टाकून ज्या ग्राहकांनी आपली गुपिते सांगितली, ती येथे विकली गेली. कुमार यांनी २०१० साली गुन्हा कबूल केला.

हे लाचेचे प्रकरण म्हणून बाजूस सारता येईल. रजत गुप्तांचे तसे करता येत नाही. हार्वर्डचे पदवीधर, १९९४ ते २००३ मॅकिन्सेचे प्रमुख, हैदराबादच्या संस्थेचे संस्थापक अध्यक्ष. परक्या देशात केवळ गुणांवर सर्वोच्च पदी चढलेले हे गृहस्थ. २३ सप्टेंबर २००८ रोजी गोल्डमन सॅक्सच्या संचालकांनी वॉरेन बफे यांची पाच अब्ज डॉलरची गुंतवणूक स्वीकारली. बैठक संपताच मिनिटाच्या आत गुप्तांचा दूरध्वनी राजरत्नम यांना गेला आणि बाजार बंद होण्यापूर्वी गॅलियनने शेअर्स घेतले. २०१२ साली पंचांनी गुप्तांना दोषी ठरविले; दोन वर्षांचा कारावास आणि पन्नास लक्ष डॉलर दंड झाला. आपण निर्दोष आहोत असे ते पुढेही म्हणत राहिले. शिक्षेपूर्वी न्यायाधीशांकडे त्यांच्या सद्वर्तनाची शेकडो पत्रे आली, त्यांत बिल गेट्स व कोफी अन्नान यांचीही होती. ती पत्रे खोटी होती असे आम्हांस वाटत नाही. सज्जन माणसाने मित्राला जे सहज द्यावे तसेच ते दिले गेले असावे. केवळ देणाऱ्याच्या मालकीचे ते नव्हते.

देवस्थानच्या कारभारात वावरलेल्या वाचकांस हा भेद समजावून सांगण्याची गरज नाही. विश्वस्ताने आपल्या परसातला नारळ स्नेह्याला द्यावा, त्याला कोण अडवतो? पण फंडपेटीतले चार आणे त्याने परममित्रालाही देता कामा नयेत. त्याची दानत कितीही मोठी असो, पेटी देवाची. संचालकाच्या कानी पडलेली गोष्ट ही फंडपेटी आहे. जिचे धनी हजारो भागधारक त्या दिवशी त्या खोलीत नव्हते. सहाध्यायी समोर असतो, त्याचा चेहरा दिसतो, त्याचे उपकार आठवतात. हे अनुपस्थित धनी मात्र कोणाच्याच ओळखीचे नसतात. ओळख जितकी दाट, तितके त्यांचे विस्मरण सोपे.

येथे कोणी म्हणेल : या न्यायाने पुतण्याला चिकटविणे, मित्राच्या मुलासाठी शब्द टाकणे, हेही पाप ठरेल. शब्द टाकणे पाप नाही. मुलगा लायक आहे असे आपण जाणत असू, तर तो शब्द म्हणजे साक्ष. आणि साक्षीदाराने ओळखीच्या माणसाविषयीच बोलावयाचे असते. लायकी न पाहता टाकलेला शब्द मात्र दाराबाहेर रांगेत उभ्या असलेल्या अनोळखी मुलाच्या ताटातून काढलेला घास आहे. हे दोन शब्द ऐकावयास सारखेच लागतात, आणि टाकणाऱ्यालाही पुष्कळदा फरक कळून घ्यावयाचा नसतो.

विद्यालयांना याची जाणीव झाली नाही असे नाही. २००७ साली संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने जबाबदार व्यवस्थापनशिक्षणाची तत्त्वे जाहीर झाली. २००९ साली हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनी वैद्यांच्या शपथेसारखी एक शपथ रचली. शपथेने वैद्य सुधारतो की नाही हे रुग्णांस विचारावे.

आम्हांस त्याहून रवी मथाईंची गोष्ट सांगावीशी वाटते. ते अहमदाबादच्या संस्थेचे पहिले पूर्णवेळ संचालक. हार्वर्डची प्रत्यक्ष प्रसंगांवरून शिकविण्याची पद्धत त्यांच्याच कारकिर्दीत येथे रुजली. १९७२ साली, कोणी हटविले नसता, ते पदावरून उतरले आणि त्याच संस्थेत साधे प्राध्यापक म्हणून राहिले. १९७५ पासून ते राजस्थानात अजमेर जिल्ह्यातल्या जवाजाच्या गावांत जाऊ लागले. तेथे विणकर आणि चामड्याचे काम करणारे लोक होते. कातड्याच्या कामामुळे ज्यांचा विटाळ मानला जाई असे. मथाईंनी व राष्ट्रीय डिझाइन संस्थेतल्या सहकाऱ्यांनी या लोकांना डिझाइन, हिशेब, बाजाराशी बोलणी या गोष्टींत साथ दिली. कारागिरांचे स्वतःचे संघ उभे राहिले. सातासमुद्रांपलीकडून आलेली विद्या आणि तिच्याबरोबर आलेला दिल्ली-मुंबईचा परिचय तेथे अशा माणसांच्या हाती गेला, ज्यांच्याकडून परतफेडीचा दूरध्वनी कधी येणार नव्हता.