‘हाइ’ म्हणजे होय काय?

जपानी गृहस्थापुढें आपलें म्हणणें मांडावें, त्यानें वाक्यागणिक ‘हाइ, हाइ’ म्हणत मान लववावी, आणि शेवटीं त्यास तें मुळींच मान्य नव्हतें असें आढळून यावें, हा अनुभव परदेशीयांस इतक्या वेळां आला आहे कीं, जपानी मनुष्य तोंडदेखलें बोलतो असा लौकिकच होऊन बसला आहे. हा आरोप न्याय्य आहे काय?

कोशांत ‘हाइ’चा अर्थ ‘होय’ असा सांपडतो खरा. पण वर्गांत हजेरी देणारा मुलगा ‘हाइ’ म्हणतो, हातीं वस्तु देतांना ‘हें घ्या’ या अर्थीं ‘हाइ’च म्हणतात, आणि ‘तुम्ही येणार नाहीं ना?’ या प्रश्नास न येणाऱ्याचें उत्तरहि ‘हाइ’च, म्हणजे ‘आपण म्हणतां तें बरोबर’. घरोब्याच्या माणसांत याच्याच जागीं ‘उन्’ येतें. तें वडीलधाऱ्यांपुढें उच्चारणें असभ्यपणाचें होय. ‘सो देसु का’ उतरत्या स्वरांत म्हटलें तर तो प्रश्न नव्हे, नुसतें ‘असें काय!’ ‘नारुहोदो’ म्हणजे ‘खरेंच, आतां उमगलें’. परंतु तें वरिष्ठास उद्देशून म्हणणें कित्येकांस खटकतें, कारण त्यांत त्याच्या बोलण्याची परीक्षा केल्याचा वास येतो.

अशा प्रतिसादांस जपानींत ‘आइझुचि’ म्हणतात. हा शब्द मूळचा लोहाराच्या भात्यापाशींचा: मुख्य कारागिराच्या घावामागून साथीदारानें समोरून द्यावयाचा घाव. टेलिफोनवर हा घाव पडेनासा झाला कीं बोलणारा थांबतो आणि ‘मोशि मोशि’ म्हणून आपण ऐकतां आहां ना, याची खात्री करून घेतो. आमच्याकडे गोष्ट सांगणारी आजी नातवंडाकडून हुंकार मागत असे, तो याच जातीचा. राक्षसानें राजकन्या पळविली यास नातवाचा हुंकार मिळाला, म्हणून तें कृत्य त्यास पसंत होतें असें कोणी म्हणेल काय?

असत्य ठरण्यास नुसतें वस्तुस्थितीशीं न जुळणें पुरत नाहीं. समोरच्यानें तें खरें मानावें असा हेतु लागतो. दोघे जपानी बोलत असतां ‘हाइ’ म्हणजे ‘ऐकतों आहें’ हें दोघांसहि ठाऊक असतें. तेथें फसवणूक कोणाची? माझ्या मतें तेथें खोटें बोलतो तो, लक्ष नसतांना ‘हाइ’ म्हणणारा. मात्र परक्यानें तो होकार समजला हें दिसत असूनहि जो तें तसेंच चालूं देतो, त्यास भाषेच्या आड लपतां यावयाचें नाहीं.

व्यवहारांत नकाराच्या ठिकाणीं योजतात तो ‘केंतो शिमासु’, म्हणजे ‘विचार करूं’, हा प्रयोग याहून अवघड. आमच्या ‘बघूं’चें तें सख्खें भावंड. जाणत्यास त्यांतला नकार कळतो; गरजवंतास बहुधा कळत नाहीं, कारण त्यास तो कळून घ्यावयाचा नसतो. काहीं वर्षांपूर्वीं एक विद्यार्थी शिफारसपत्र मागावयास आला असतां मीं ‘बघूं’ म्हटलें. माझ्या मनांत नकार होता. त्याचें मन दुखवूं नये एवढाच हेतु. दोन महिन्यांनीं तो पुन्हां आला, तेव्हां अर्जाची मुदत टळून गेली होती, आणि मधल्या काळांत त्यानें दुसऱ्या कोणासहि विचारलें नव्हतें. “आपण बघूं म्हणालां होतां,” तो म्हणाला. मीं माझ्या शब्दाचा अर्थ समजावून सांगूं लागलों. तो उभ्या उभ्या ‘हो सर, हो सर’ म्हणत ऐकत होता.