वर्गसोबत्यांचें भविष्य

‘मुलाचे पाय पाळण्यांत दिसतात’ ही म्हण आपल्याकडे इतकी रुळलेली आहे कीं, ती खरी कीं खोटी हा प्रश्न सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. घरांत मूल जन्मलें कीं त्याची पत्रिका मांडली जाते; तें शाळेंत जाऊं लागलें कीं गुणपत्रिका ही दुसरी पत्रिका हातीं येते; आणि या दोन पत्रिकांच्या आधारें, व पुष्कळदां कोणत्याच आधारावांचून, वडील मंडळी त्याचें पुढील आयुष्य सांगून मोकळी होतात. हें सारें मोठ्या गंभीरपणें चालतें. परंतु हेंच भविष्यकथन केवळ गंमत म्हणून, आणि तेंहि समवयस्क सोबत्यांनींच करावयाचें, अशी एक प्रथा अमेरिकेंतील माध्यमिक शाळांत रूढ झाली. तिच्याकडे पाहिलें असतां, दुसऱ्याच्या भविष्याविषयीं बोलण्याचा अधिकार आपल्याला कितपत आहे, हा नीतिशास्त्रांतला एक प्रश्न उभा राहतो. त्याचाच थोडा विचार येथें करण्याचें आम्ही योजिलें आहे.

प्रथम ती प्रथा काय आहे तें पाहूं. तिकडे हायस्कूलचा शेवटचा वर्ग शाळा सोडण्यापूर्वीं निरोपाचा समारंभ करतो. गेल्या शतकाच्या आरंभीं या समारंभाचा कार्यक्रम बहुतेक ठिकाणीं ठरल्यासारखा असे. एकानें वर्गाचा इतिहास वाचावयाचा. दुसऱ्यानें कविता म्हणावयाची. तिसऱ्यानें वर्गाचें थट्टेचें मृत्युपत्र वाचून आपले बाक, आपल्या खोड्या व आपलें गणितांतलें अज्ञान खालच्या वर्गाच्या स्वाधीन करावयाचें. आणि चौथ्यानें, म्हणजे वर्गाच्या भविष्यवेत्त्यानें, प्रत्येक सोबत्याचें पुढें काय होणार तें सांगावयाचें. पुष्कळ शाळांत हें भविष्य वार्षिक पुस्तकांत छापलेंहि जाई. सांगण्याच्या तऱ्हाहि ठरीव असत. भविष्यवेत्त्याला झोंप लागते व वीस वर्षांनंतरचें स्वप्न पडतें. किंवा तो विमानांतून जगाची सफर करतो व जागोजाग जुने सोबती त्याला भेटतात. किंवा पुढील काळचें एखादें वर्तमानपत्र त्याच्या हातीं येतें आणि त्यांतल्या बातम्यांत व जाहिरातींत ओळखीचीं नांवें दिसूं लागतात. रोज उशिरा येणारा मुलगा रेल्वेचें वेळापत्रक तयार करणारा अधिकारी झालेला असतो. जिचा आवाज दुसऱ्या बाकापर्यंत पोंचत नसे ती मुलगी सर्कशींत सिंहांना दरडावीत असते. सदा भांडणारे दोघे एकाच दुकानाचे भागीदार होऊन एकाच गल्ल्यावर बसलेले असतात. असा त्याचा एकंदर मासला.

ही प्रथा फोफावण्यास सामाजिक परिस्थितीहि अनुकूल होती. १९१० सालीं अमेरिकेंतील अठरा वर्षांच्या मुलामुलींपैकीं शेंकडा सुमारें ९ जणच हायस्कूल पुरें करीत. १९४० च्या सुमारास हें प्रमाण शेंकडा ५० च्या घरांत गेलें. म्हणजे निरोपाच्या व्यासपीठावर बसलेल्या पुष्कळ मुलांच्या आईबापांनीं हायस्कूलचा शेवटचा वर्ग पाहिलेलाच नव्हता. ज्या वाटेनें हीं मुलें जाणार होतीं ती त्यांच्या घरांतल्या कोणाच्याहि पायाखालची नव्हती. बापाचाच धंदा मुलानें करावयाचा ही जुनी खात्री सुटलेली, आणि नवी खात्री अजून हातीं आलेली नाहीं, अशा उंबरठ्यावर उभें राहिलेल्या तरुण मनाला धीर धरण्याचा एक सोपा उपाय म्हणजे हंसणें. पुढच्या अंधारांत दगड मारून पाहावा तसे हे विनोद त्यांनीं पुढच्या वर्षांत फेंकले.

हें वाचून आमच्या वाचकांस आपल्याकडील स्नेहसंमेलनांतल्या शेलापागोट्यांची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. परंतु दोहोंत एक महत्त्वाचा भेद आहे. शेलापागोट्यांतली, किंवा त्याचेंच दुसरें रूप जो ‘फिशपाँड’ त्यांतली कोपरखळी बहुधा आजच्या माणसाला असते: त्याची चाल, त्याची टोपी, त्याचें एखाद्या बाकाकडे चोरून पाहणें. ज्याला ती लागली तो दुसऱ्या दिवशीं टोपी बदलूं शकतो. उद्यांच्या माणसाविषयीं केलेलें विधान मात्र असें सहज झटकतां येत नाहीं. उद्यांचा माणूस अजून घडावयाचा असतो, आणि स्वतःची बाजू मांडावयास तो सभेंत हजर नसतो. गैरहजर माणसाविषयीं बोलतांना सभ्य मनुष्य जपून बोलतो. मग जो अद्याप अस्तित्वांतच नाहीं त्याच्याविषयीं बोलतांना किती जपावें?

या प्रश्नाचें उत्तर शोधतांना आधीं गंभीर भविष्यवेत्त्यांची परीक्षा घेणें योग्य होईल, कारण थट्टेपेक्षां गांभीर्य अधिक सुरक्षित असा आपला समज असतो. स्टॅनफर्ड विद्यापीठांतील मानसशास्त्रज्ञ लुइस टर्मन यांनीं १९२१ सालीं बुद्धिमापनाच्या कसोट्या लावून कॅलिफोर्नियांतील असामान्य मुलें निवडण्यास आरंभ केला, आणि अशा सुमारें दीड हजार मुलांच्या आयुष्याचा मागोवा घेतला. त्यांतलीं पुष्कळ मुलें पुढें यशस्वी झालीं हें खरें. परंतु ज्यांची चांचणी होऊन जीं निवडीस अपुरीं ठरलीं, त्या मुलांत विल्यम शॉक्ली व लुइस अल्व्हारेझ हे दोघे होते. पहिल्यास १९५६ सालीं व दुसऱ्यास १९६८ सालीं पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. आणि निवडलेल्या दीड हजारांतून नोबेलचा मानकरी एकहि निघाला नाहीं.

तथापि भाकीत चुकलें तर त्यांत फारशी हानि नाहीं. हानि आहे ती उच्चारल्यामुळेंच खऱ्या ठरणाऱ्या भाकितांत. आकाशवाणी ऐकून कंसानें देवकीच्या मुलांचा घात आरंभिला नसता, तर आठव्या मुलाला गोकुळांत वाढून त्याचा काळ होण्याचें कारणच पडलें नसतें. पुराणकारांनीं कथेंतून दाखविलेली ही गोष्ट रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञानें १९४८ सालीं एका निबंधांत शास्त्रीय भाषेंत मांडली: एखादी खोटी समजूत धरून माणसें वागूं लागलीं म्हणजे त्या वागणुकीमुळेंच ती समजूत खरी होऊन बसते. पुढें रोझेन्थाल व जेकबसन यांनीं कॅलिफोर्नियांतील एका प्राथमिक शाळेंत प्रयोग केला. सुमारें एक पंचमांश मुलांचीं नांवें केवळ चिठ्ठ्या टाकाव्या तशीं निवडून, ‘हीं मुलें यंदा विशेष चमकणार’ असें त्यांनीं शिक्षकांस सांगितलें. वर्षअखेर पहिल्या-दुसऱ्या इयत्तेंतलीं अशीं मुलें खरोखरच पुढें गेलेलीं आढळलीं. १९६८ सालीं प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाच्या पद्धतीवर पुढें बरीच टीका झाली, व परिणाम वाटला तितका मोठा नसावा असें पुष्कळ संशोधकांचें मत पडलें. पण ‘चमकणार’ या शब्दाच्या जागीं ‘याच्या हातून कांहीं होणार नाहीं’ हे शब्द घालून पाहिले, तर ज्यांना शाळेचा अनुभव आहे त्यांस या प्रयोगाची फारशी गरजच वाटणार नाहीं.

त्याचें एक उदाहरण प्रसिद्धच आहे. मिशिगन राज्यांतील मेसन गांवच्या शाळेंत एक काळा मुलगा शिकत होता. गोऱ्या मुलांच्या त्या वर्गानें त्याला आपला अध्यक्ष निवडलें होतें, आणि अभ्यासांतहि तो पहिल्या कांहीं जणांत असे. आपण वकील व्हावें असें त्यानें एकदां शिक्षकास सांगितलें. शिक्षकानें ममतेनेंच समजावलें कीं, त्याच्या जातीच्या मुलानें अशी आशा धरणें व्यवहार्य नाहीं. त्यानें सुतारकाम शिकावें. हा मुलगा म्हणजे पुढें माल्कम एक्स या नांवानें गाजलेला पुढारी. त्या दिवसापासून आपलें मन गोऱ्या माणसांपासून दूर गेलें, असें तो आपल्या १९६५ सालीं प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रांत सांगतो. आमच्या मतें यांत ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, शिक्षकाच्या मनांत द्वेष नव्हता. त्याला आपण जग ओळखतों असें वाटत होतें, आणि त्या ओळखीच्या बळावर त्यानें एक दार लावून घेतलें.

याच्या शेजारीं शाळकरी भविष्यवेत्त्याला उभा केला म्हणजे त्याचें थोरपण दिसूं लागतें. आपल्याला उद्यांचें कांहींहि कळत नाहीं हें तो पहिल्याच वाक्याला कबूल करतो. स्वप्नाचें, विमानाचें किंवा वर्तमानपत्राचें सोंग तो त्यासाठींच घेतो. दुसरें असें कीं, त्याच्या वांटपांत कोणी उपाशी राहत नाहीं. गुणानुक्रमांत शेवटच्या मुलालाहि पहिल्याइतकेंच एक रसभरित आयुष्य मिळतें. आणि तिसरी गोष्ट आम्हांस सर्वांत हृद्य वाटते: या भविष्यांत सहसा कोणी मरत नाहीं, कोणाला असाध्य रोग जडत नाहीं. तसा नियम कोणी लिहून ठेवलेला नसतो, पण तो पाळला जातो. १९४० किंवा १९४१ सालीं ज्यांनीं शाळा सोडली त्या वर्गांचीं भविष्यें या दृष्टीनें आज वाचवत नाहींत. १९४१ च्या अखेरीस अमेरिका महायुद्धांत उतरली, आणि तें संपेपर्यंत तिचे सुमारें चार लक्ष सैनिक कामास आले. ज्या मुलाला सोबत्यांनीं थट्टेनें वीस वर्षांनंतरचें टक्कल व सहा पोरें देऊं केलीं होतीं, त्याला कित्येकदां पांच वर्षेंहि मिळालीं नाहींत. भविष्य चुकलें, पण त्यांत जी सदिच्छा होती ती चुकीची होती असें कोण म्हणेल?

येथवर आम्ही थट्टेची बाजू घेतली. परंतु तेवढ्यानें प्रत्येक थट्टा निर्दोष ठरत नाहीं. उशिरा येणाऱ्याला वेळापत्रकाचा अधिकारी करणारा विनोद माणसाचा एक विशेष घेतो आणि त्याचें दैव उलटें करतो. ऐकणाऱ्याला क्षणभर वाटतें कीं, आपणहि आहों त्याहून निराळे होऊं शकूं. पण दुसराहि एक विनोद असतो, व तो करणें फार सोपें असतें. तो माणसाचें आजचें लेणें किंवा उणें घेतो आणि तेंच वीस वर्षें पुढें ओढतो: रूपानें साधी असलेली मुलगी तेव्हांहि अविवाहितच असते, गरीब घरचा मुलगा तेव्हांहि दुसऱ्यांचे कपडे धूत असतो. पहिल्या विनोदाला सारा वर्ग हंसतो; दुसऱ्याला एक सोडून बाकीचा वर्ग हंसतो, आणि तो एकहि हंसण्याचें सोंग करतो. या दोहोंतला भेद शब्दांच्या तीक्ष्णतेत नाहीं. एक दैवाची थट्टा करतो, दुसरा दैवाची री ओढतो.

शिवाय कोणती गोष्ट हास्यास्पद मानावी हें समाज ठरवितो, आणि समाजाची अक्कलहि कालांतरानें तपासली जाते. अमुक मुलगी कायदेमंडळांत भाषण ठोकीत आहे, हा विसाव्या शतकाच्या आरंभीं खात्रीनें हंशा पिकविणारा विनोद होता. पण मोंटाना राज्यांतून जेनेट रँकिन ही स्त्री १९१६ सालीं अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहावर निवडून आली, आणि १९२० सालीं देशभर स्त्रियांचा मतदानाचा हक्क घटनेंत नमूद झाला. तेव्हां विनोदवीर खोटे पडले नाहींत. उलट ज्याला ते अशक्य समजून हंसले तेंच खरें झालें.

यावर कोणी म्हणेल कीं, विनोद इतका तराजूंत घालूं लागलां तर त्यांतला जीवच जाईल. अठरा वर्षांच्या मुलांनीं नीतिशास्त्र वाचून मग हंसावें कीं काय? आमचें म्हणणें तसें नाहीं. ज्या भविष्यवेत्त्याला आपले सोबती खरोखर ठाऊक असतात, त्याला हा विवेक शिकवावा लागत नाहीं. गल्ल्यावर बसलेल्या दोन भांडखोरांची गंमत सुचण्यास त्यांच्या भांडणामागची मैत्री दिसलेली असावी लागते. ज्याला ती दिसली नाहीं, तो केवळ कपडे व रूप एवढेंच पाहतो, आणि मग त्याच्या विनोदालाहि तेवढेंच भांडवल उरतें.

शेवटीं, हा विषय आमच्या वाचकांच्या घरापासून फार दूर नाहीं. आपल्याकडे वर्गाचा भविष्यवेत्ता नसतो. त्याचें काम जेवणाच्या वेळीं घरांतच होतें. ‘हा पुढें काय दिवे लावणार आहे तें दिसतेंच आहे’, ‘हिच्या हातून गणित व्हावयाचें नाहीं’, ‘थोरला नांव काढील, धाकट्याचें कांहीं सांगूं नका’, हीं वाक्यें बोलणाऱ्याच्या ध्यानांतहि राहत नाहींत. ऐकणाऱ्याच्या मात्र राहतात. तीं थट्टेंत बोलण्याची सोय नसते, कारण त्यांत सोंग नसतें. आणि सोंग नसल्यामुळें मूल तीं खरीं मानतें. स्तुतीचें भविष्यहि याला अपवाद नाहीं. ज्या मुलाला ‘तूं घराण्याचें नांव काढणार’ असें दहा वर्षें ऐकावें लागलें, त्याला साधा, समाधानी मनुष्य होण्याची मोकळीक कोणी ठेवलेली नसते.

सत्यवानाचें आयुष्य एक वर्षच उरलें आहे हें नारदांनीं सांगितलें, तें खोटें नव्हतें. सावित्रीनें त्यांच्याशीं वाद घातला नाहीं. फक्त तेवढ्यावरून आपली निवड बदलण्याचें तिनें नाकारलें. खुद्द नारदांच्या भविष्यासहि जेथें शेवटचा शब्द होतां आलें नाहीं, तेथें आपण आपल्या मुलांविषयीं बोलतांना शेवटचा शब्द राखून ठेवावा, हेंच शहाणपणाचें. आणि बोलल्यावांचून राहवतच नसेल, तर त्या शाळकरी भविष्यवेत्त्याचा कित्ता गिरवावा: सर्वांना दीर्घायुष्य द्यावें, प्रत्येकाच्या वाट्याला त्यानें मागितलें नसेल असें कांहींतरी गमतीचें घालावें, आणि आपण हें स्वप्नांत पाहिलें असें आरंभींच सांगून टाकावें.