कपाटातील बंदूक आणि राष्ट्राध्यक्षांची सही



अमेरिकेतील एखाद्या शाळेत गोळीबार झाल्याची बातमी टीव्हीवर आली की, ज्यांची मुले-नातवंडे तिकडे आहेत अशा आपल्या घरांतील आजी-आजोबांच्या काळजात धस्स होते. मग आपण सहज विचारतो, "त्या देशाचे राष्ट्राध्यक्ष एका सहीने बंदुका बंद का करीत नाहीत?" प्रश्न रास्त आहे. पण निवाडा करण्याआधी, बंदूक बाळगणारा तिकडचा माणूस काय म्हणतो ते आपण शांतपणे ऐकले पाहिजे. त्यांच्यापैकी पुष्कळजण आपल्यासारखेच रविवारी मिस्साला जाणारे आहेत.

तो पहिली गोष्ट सांगतो ती ही : हा अधिकार राष्ट्राध्यक्षांनी दिलेला नाही, तेव्हा त्यांनी तो काढूनही घेऊ नये. अमेरिकेच्या राज्यघटनेतील दुसरी दुरुस्ती १७९१ सालची आहे. २००८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय दिला की, स्वसंरक्षणासाठी घरात पिस्तूल ठेवणे हा नागरिकाचा व्यक्तिगत अधिकार आहे. हा अधिकार अमर्याद नाही, हेही न्यायालयाने त्याच वेळी बजावले. २०१० साली शिकागो शहराच्या खटल्याचा निकाल लागला. तो लढवणाऱ्यांत सत्तरी ओलांडलेले एक कृष्णवर्णीय गृहस्थ होते. त्यांच्या घरात चोर पुन्हा पुन्हा शिरत होते आणि शहराच्या नियमामुळे त्यांना घरी पिस्तूल ठेवता येत नव्हते. गुलामगिरी संपल्यावर दक्षिणेकडील काही राज्यांनी मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना शस्त्रे नाकारली होती. त्यामुळे ते गोऱ्या टोळ्यांपुढे निराधार झाले. हा इतिहासही त्या निकालात मांडला गेला.

असा अनुभव आपल्यालाही अगदीच परका नाही. १८७८ च्या शस्त्र कायद्याने ब्रिटिश सरकारने हिंदी माणसाला परवान्याची सक्ती केली आणि युरोपियनांना मात्र सूट दिली. "तुमच्यावर आमचा विश्वास नाही," असे प्रजेला सांगण्याची ती रीत होती. म्हणून निःशस्त्र होण्याची भीती ही नुसती हटवादी माणसाची भीती आहे, असे आपण म्हणू नये.

त्याची दुसरी तक्रार आहे ती राष्ट्राध्यक्षांच्या लेखणीविषयी. २०१७ साली लास व्हेगास येथे एका बंदूकधाऱ्याने संगीताच्या कार्यक्रमाला आलेल्या पन्नासहून अधिक लोकांचा बळी घेतला. त्याने गोळ्या भराभर सुटाव्यात म्हणून बंदुकीला 'बम्प स्टॉक' नावाचे साधन जोडले होते. पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्या सरकारने नियम बदलून त्या साधनावर बंदी आणली. ट्रम्प हे बंदूकधारकांच्या बाजूचे मानले जातात. तरीही बंदूकधारकांपैकीच एकजण न्यायालयात गेला. कायद्यातील मशीनगनच्या व्याख्येत हे साधन बसत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये दिला आणि बंदी उठली. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी दुसरा आदेश काढला. आधीचे राष्ट्राध्यक्ष बायडेन यांच्या काळातील बंदूकविषयक निर्णयांची फेरतपासणी करण्यास त्यांनी सांगितले. एकाने सही करावी, दुसऱ्याने ती पुसावी! बंदूकधारक म्हणतो, "बदल करायचाच असेल तर लोकप्रतिनिधींनी कायदा करून करावा." या म्हणण्यात तथ्य आहे. २०२२ साली टेक्सासमधील युवाल्डे गावच्या शाळेत १९ मुले आणि २ शिक्षिका मारल्या गेल्यावर दोन्ही पक्षांच्या काही प्रतिनिधींनी एकत्र येऊन कायदा केला, तेव्हा ते घडूनही आले.

आता ख्रिस्तसभा काय शिकवते? स्वतःच्या जिवाचे रक्षण करणे हा माणसाचा हक्क आहे, असे आपल्या धर्मशिक्षणग्रंथात सांगितले आहे. ज्याच्यावर इतरांच्या जिवाची जबाबदारी आहे, त्याच्यासाठी तर ते गंभीर कर्तव्य ठरते. संत थॉमस अक्वायनस यांच्या काळापासून ही शिकवण चालत आली आहे. म्हणजे दार फोडून आत आलेल्या माणसापासून मुलांना वाचवणारा बाप पापी नाही.

पण त्याच शिकवणीत एक माप दिले आहे. गरजेपेक्षा अधिक बळ वापरणे योग्य नाही, आणि मनात हेतू जीव वाचवण्याचा हवा, घेण्याचा नको. शेवटच्या भोजनाच्या रात्री शिष्यांनी दोन तलवारी दाखवल्या, तेव्हा प्रभूने त्या फेकून द्यायला सांगितले नाही. पण काही वेळाने पेत्राने तलवार चालवून एका सेवकाचा कान कापला, तेव्हा प्रभूने त्याला थांबवले आणि तो कान बरा केला. पेत्राला वाटत होते की तो रक्षण करीत आहे.

आमच्या मते खरा प्रश्न इथे आहे. अधिकार जिवाच्या रक्षणासाठी असेल, तर त्याचा हिशोबही जिवानेच द्यावा लागेल. २०२१ साली अमेरिकेत बंदुकीने ४८ हजारांहून अधिक माणसे मेली आणि त्यांतील निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. म्हणजे चोरासाठी ठेवलेली बंदूक पुष्कळदा घरातल्याच दुःखी माणसाच्या हाती लागली. त्या क्षणी दुसरी दुरुस्ती कोणाचे रक्षण करते?

अमेरिकेतील बिशप परिषदेने अनेक वर्षे प्रत्येक खरेदीदाराची पूर्वतपासणी व्हावी अशी मागणी केली आहे. आम्हाला ती योग्य वाटते. तरीही कायदा कितीही चांगला केला, राष्ट्राध्यक्ष कोणीही आले, तरी त्यांची सही झोपण्याच्या खोलीतील कपाटापर्यंत पोहोचत नाही. त्या कपाटाला कुलूप आहे का, गोळ्या वेगळ्या ठेवल्या आहेत का, घरात कोणी खचलेले असेल तर ते शस्त्र काही दिवस दुसरीकडे ठेवले आहे का, हे विचारणारी एकच सत्ता तिथे असते. ती म्हणजे मालकाची सदसद्विवेकबुद्धी. "माझा अधिकार सरकारने हिरावू नये," असे म्हणणाऱ्याने ही जबाबदारी सरकारवर ढकलता कामा नये. तिकडे काही आईवडील मुलाला मित्राच्या घरी खेळायला पाठवण्याआधी विचारतात, "तुमच्याकडे बंदूक आहे का? ती कुलपात आहे का?" हा प्रश्न अपमान न मानता जो प्रामाणिक उत्तर देतो, त्याने आपला अधिकार ख्रिस्ती रीतीने वापरला असे आम्ही म्हणू.

आपली मुले तिकडे असतील तर पुढच्या फोनवर त्यांना हे जरूर सांगूया : शेजाऱ्याला विचारायला लाजू नका, आणि विचारताना त्याला शत्रू समजू नका. जीव ही देवाची देणगी आहे. ती जपण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे, आणि ती जपण्याचे काम दोन्ही घरांचे आहे.