बघे की शेजारी?



रस्त्यात काही घडले की क्षणात माणसांचे कडे उभे राहते. या माणसांसाठी आपल्या मराठीत एक नेमका शब्द आहे – बघे. बघ्या गुन्हेगार नसतो आणि मदतनीसही नसतो. तो फक्त बघत असतो. कोणी विचारले तर तो सहज म्हणतो, "मी काय केले? मी तर नुसता बघत होतो." त्याचे उत्तर खोटे नाही. पण ते पुरेसे आहे का? नुसते बघणे नेहमीच निर्दोष असते का? या रविवारी या एका प्रश्नाचा आपण मिळून विचार करावा, असे आम्हाला वाटते.

हा प्रश्न आज घराघरांत आला आहे, कारण आता बघ्याला रस्त्यावर जावे लागत नाही. जेवणाचे ताट मांडीवर घेऊन आपण दुसऱ्याच्या घरातले प्रेत, दुसऱ्याच्या आईचा आक्रोश, दुसऱ्याच्या मुलीची बदनामी बघू शकतो. मध्येच साबणाची जाहिरात येते, आणि पुन्हा तोच आक्रोश सुरू होतो.

सिनेमावाल्यांनी हा विषय एका वेगळ्या वाटेने हाताळला आहे. ते चित्रपटात एक काल्पनिक वृत्तवाहिनी उभी करतात. नाव खोटे, बोधचिन्ह खोटे आणि निवेदकही नटच. पण या खोट्या वाहिनीच्या आडून ते खऱ्याबद्दल बोलतात. ही युक्ती बायबलला नवी नाही. दावीद राजाने उरियाचा घात करून त्याची पत्नी आपली केली, तेव्हा नाथान संदेष्ट्याने त्याला थेट दोष दिला नाही. त्याने एक गोष्ट सांगितली. एका श्रीमंताकडे भरपूर मेंढरे होती, तरी त्याने गरीब माणसाची एकुलती एक कोकरी हिरावून घेतली. दावीद संतापला. असा माणूस मरणालाच योग्य आहे, असे तो म्हणाला. तेव्हा नाथानाने बोट दाखवले, तो माणूस तूच आहेस! काल्पनिक वाहिन्यांचे चांगले चित्रपट आपल्यालाही असेच आधी संतापवतात, आणि मग बोट आपल्याकडे वळवतात. अशा दोन चित्रपटांकडे आपण पाहू.

पहिला चित्रपट अमेरिकेतला, १९७६ सालचा 'नेटवर्क'. दिग्दर्शक सिडनी ल्युमेट आणि लेखक पॅडी चायेफ्स्की. त्यातल्या काल्पनिक वाहिनीचे नाव यूबीएस. हॉवर्ड बील हा तिचा जुना वृत्तनिवेदक. त्याचे प्रेक्षक घटतात आणि त्याला नोकरीवरून काढल्याची नोटीस मिळते. खचलेला बील बातम्या देता देता जाहीर करून टाकतो, की आपण कॅमेऱ्यासमोर स्वतःचा जीव घेणार! अधिकारी आधी हादरतात. पण दुसऱ्या दिवशी आकडे येतात आणि कळते की प्रेक्षक वाढले आहेत. मग बीलला उपचाराची गरज आहे, ही त्याच्या जुन्या मित्राची सूचना मागे पडते आणि एका आजारी माणसाच्या संतापाचा रोजचा कार्यक्रम बनवला जातो. लाखो लोक तो पाहतात, त्याच्याबरोबर ओरडतात. पुढे त्याची भाषणे निराशाजनक होतात, लोकांना कंटाळा येतो, आकडे पुन्हा घसरतात. शेवटी वाहिनीचेच अधिकारी थेट कार्यक्रमात त्याचा खून घडवून आणतात. या चित्रपटाला चार ऑस्कर मिळाले. बीलची भूमिका करणारे पीटर फिंच पारितोषिक जाहीर होण्याआधीच, जानेवारी १९७७ मध्ये वारले होते. अभिनयाचे ऑस्कर मरणोत्तर मिळालेले ते पहिले नट.

बीलला कोणी मारले? गोळ्या झाडणाऱ्यांनी, आणि बंद खोलीत बसून तसे ठरवणाऱ्यांनी. ते दोषी आहेतच. पण त्यांच्या हातात एक कागद होता आणि त्या कागदावर एक आकडा होता. तो आकडा कशाचा होता? घरी बसलेल्या, पापभीरू, कुणाचेही वाईट न चिंतणाऱ्या माणसांच्या डोळ्यांचा. ते बघत होते तोवर बील जगला, आणि त्यांना कंटाळा आला तेव्हा तो मेला. त्या लाखो माणसांनी त्याला ऐकले, पण या माणसाला काय होते आहे, असे त्यांच्यापैकी कोणाच्याही मनात आले नाही.

दुसरा चित्रपट आपल्या देशातला. २०१० साली अनुषा रिझवी यांनी दिग्दर्शित केलेला 'पीपली लाइव्ह'. नत्था हा कर्जबाजारी शेतकरी. जमीन बँकेच्या ताब्यात जाणार असते. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला सरकार पैसे देते, असे त्याच्या कानावर येते आणि तो मरायला तयार होतो. राकेश नावाचा गावाकडचा बातमीदार ही गोष्ट छापतो. मग दिल्लीहून काल्पनिक वाहिन्यांच्या गाड्या धडकतात. गावात जत्रा भरते, दुकाने लागतात. नत्था कधी मरणार, कसा मरणार, याची चर्चा चोवीस तास चालते. तो शौचाला कुठे गेला, हीसुद्धा बातमी होते. विदर्भ-मराठवाड्यात ज्यांनी घरातला कर्ता माणूस असा गमावला आहे, त्यांना यात विनोद दिसणार नाही.

पण या चित्रपटाचे मर्म नत्थाजवळ नाही. त्याच गावात होरी महतो नावाचा एक हाडकुळा म्हातारा आहे. तो रोज मुकाट्याने माती खणतो आणि विकून पोट भरतो. प्रेमचंदांच्या 'गोदान' (१९३६) या कादंबरीच्या नायकाचेही नाव हेच. एक दिवस हा होरी त्याने स्वतःच खणलेल्या खड्ड्यात मरून पडतो. कॅमेरे हाकेच्या अंतरावर आहेत, पण एकही त्याच्याकडे वळत नाही. फक्त राकेश अस्वस्थ होतो. जो मरणार म्हणतो त्याच्याभोवती सारा देश, आणि जो खरोखर मेला त्याच्याजवळ कोणी नाही, असे का? पुढे राकेशच एका अपघातात जळून मरतो. ते प्रेत नत्थाचे समजले जाते आणि गाड्या निघून जातात. नत्थाच्या घरच्यांना मदत मिळत नाही, कारण हा अपघात ठरतो. आणि जिवंत नत्था दूर शहरात, बांधकामावर मजुरी करत बसलेला दिसतो.

बंधुभगिनींनो, इथे आपण वाहिन्यांना शिव्या घालून मोकळे होऊ शकतो. दावीदही त्या श्रीमंतावर असाच चिडला होता.

संत ऑगस्टीन यांनी सोळाशे वर्षांपूर्वी ही दुखणी ओळखली होती. 'कबुलीजबाब' या ग्रंथात ते आपला मित्र अलीपियस याची हकीकत सांगतात. रोममध्ये माणसांना एकमेकांशी मरेपर्यंत लढवण्याचे खेळ होत. अलीपियसला त्यांचा तिटकारा होता. मित्रांनी त्याला ओढून नेले, तेव्हा तो डोळे घट्ट मिटून बसला. एवढ्यात गर्दीतून प्रचंड आरोळी उठली. काय झाले म्हणून त्याने डोळे उघडले, आणि सारे संपले. रक्त पाहताच तो त्या गर्दीचाच एक झाला, ओरडू लागला आणि पुढे स्वतःच इतरांना घेऊन जाऊ लागला. देवाच्या कृपेने तो त्यातून सुटला आणि नंतर बिशप झाला. त्याने कुणाला बोट लावले नव्हते. तो नुसता बघत होता. पण जखम झाली ती त्याच्या आत्म्याला. ऑगस्टीन या ओढीला डोळ्यांची वासना म्हणतात. हा शब्द त्यांनी संत योहानाच्या पहिल्या पत्रातून घेतला आहे.

मग बघणेच पाप आहे का? डोळे मिटून बसावे का? नाही. देवाने डोळे दिले ते उगीच नव्हे. जगात काय चालले आहे हे न जाणणारा ख्रिस्ती माणूस शेजाऱ्यावर प्रीती तरी कशी करणार? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली संपर्कमाध्यमांवर स्वतंत्र दस्तऐवज काढला आणि माध्यमांकडे देणगी म्हणून पाहायला शिकवले. इथे संत थॉमस अक्वायनस यांचा विवेक कामी येतो. ते म्हणतात, दुसऱ्याच्या वागण्याकडे लक्ष देणे दोन कारणांनी चांगले असते: आपण स्वतः सुधारावे म्हणून, किंवा त्या माणसाचे भले व्हावे म्हणून. पण त्याला कमी लेखावे, त्याची निंदा करावी, किंवा काहीच हेतू नसताना नुसते कुतूहल भागवावे म्हणून केलेले बघणे दोषास्पद आहे. म्हणजे तीच बातमी, तोच पडदा; पण एका घरात ते ज्ञान असते आणि शेजारच्या घरात ती वासना असते. फरक पडद्यावर नसतो, बघणाऱ्याच्या मनात असतो.

एक खरी घटना घेऊ. जुलै २००६ मध्ये हरियाणात पाच वर्षांचा एक मुलगा कूपनलिकेसाठी खणलेल्या खोल खड्ड्यात पडला. सुमारे पन्नास तास सारा देश ते थेट पाहत होता. ठिकठिकाणी प्रार्थना झाल्या. लष्कराने त्याला सुखरूप वर काढले. ती प्रार्थना खरी होती, आणि तो आनंदही खरा होता. पण मुलगा वर आला, टीव्ही बंद झाला, आणि उघडे खड्डे उघडेच राहिले. आणखी मुले पडत राहिली. अखेर सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सूचना दिल्या, की खणण्यापूर्वी अधिकाऱ्यांना कळवावे, खड्ड्याभोवती कुंपण घालावे, तोंडावर झाकण बसवावे आणि निकामी विहीर बुजवावी. बघणाऱ्या करोडोंपैकी ज्याने आपल्या गावातला एक खड्डा झाकला, तोच खऱ्या अर्थाने त्या मुलाचा शेजारी झाला.

कोणी म्हणेल, "फादर, आमच्या घरी टीआरपी मोजायचे यंत्रच नाही. आम्ही बघितले काय, न बघितले काय, कुणाला फरक पडतो?" हा आक्षेप खरा आहे. ती यंत्रे निवडक घरांतच असतात. वाहिनीला कदाचित फरक पडणार नाही. पण अलीपियसच्या येण्या-न येण्याने रोमच्या खेळालाही फरक पडत नव्हता. फरक अलीपियसला पडला. जी मुले आपल्यासोबत बसून बघतात, त्यांना पडतो. दुसऱ्याचे दुःख हा संध्याकाळचा विरंगुळा आहे, हे त्यांना कोणी शिकवत नाही. ती आपल्या चेहऱ्याकडे बघून शिकतात.

आणि आता तर आपण स्वतःच वाहिनी झालो आहोत. प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे आणि प्रत्येकाचा स्वतःचा प्रेक्षकवर्ग आहे. कुणाच्या मुलीबद्दल, कुणाच्या संसाराबद्दल एखादा निरोप येतो, आणि खरेखोटे न पाहता आपण तो पाच गटांत पुढे ढकलतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१८ च्या जागतिक संपर्कमाध्यम दिनाच्या संदेशात पहिली खोटी बातमी एदेन बागेतल्या सापाची, असे दाखवून दिले होते. आठवी आज्ञा केवळ न्यायालयातल्या साक्षीदाराला दिलेली नाही. फोन हातात घेणाऱ्या प्रत्येकाला ती लागू आहे.

चांगल्या शोमरोनी माणसाच्या दाखल्यात एक बारकावा आहे. याजकाने जखमी माणसाला पाहिले. लेव्यानेही पाहिले. शोमरोन्यानेही पाहिले. तिघांनी एकच दृश्य पाहिले. पहिले दोघे बघेच राहिले. तिसऱ्याला कळवळा आला, तो जवळ गेला, त्याने तेल ओतले, खर्च सोसला. आणि पहिले दोघे आमच्यासारखेच मंदिराचे सेवक होते, हे आम्ही धर्मगुरूंनी कधी विसरू नये. येशूने शेवटी विचारले ते एवढेच, की या तिघांत शेजारी कोण झाला? आपल्या देशाच्या कायद्यानेही हे नाव घेतले आहे. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्याला 'गुड समॅरिटन' म्हणून संरक्षण आहे. पोलिसांचा ससेमिरा नको, ही सबब आता उरलेली नाही. अपघात दिसला तर चित्रण करण्यासाठी नव्हे, रुग्णवाहिका बोलावण्यासाठी फोन काढा.

या आठवड्यासाठी तीन छोट्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. एक, रात्रीच्या बातम्या संपल्यावर टीव्ही बंद करा आणि त्या दिवशी पाहिलेल्या एका दुःखी माणसासाठी कुटुंबाने मिळून एक 'नमो मरिये' म्हणा. दोन, कोणताही निरोप पुढे पाठवण्यापूर्वी स्वतःला विचारा, हे खरे आहे का, आणि यात ज्याचे नाव आहे तो माझ्यासमोर बसला असता तर मी हे वाचून दाखवले असते का? तीन, आपल्या धर्मग्रामातही होरी महतो आहेत. ज्यांच्याकडे कोणताही कॅमेरा वळणार नाही असे वृद्ध, आजारी, कर्जात बुडालेले आणि ते कुणाला न सांगणारे. अशा एका घराचा उंबरठा या आठवड्यात चढा. जाताना फोन घरी ठेवून जा.

ज्या प्रभूने लोकसमुदायाकडे पाहिले आणि ज्याला त्यांचा कळवळा आला, तो आपल्याला त्याचे डोळे देवो.