आकडा कोणाचा?

पुणे

प्रिय चिऊ,


जळगावच्या विद्यापीठातून संख्याशास्त्रात एम.एस्सी. झालीस आणि आता ‘क्वांटिटेटिव्ह यूएक्स रिसर्चर’ व्हायचं म्हणतेस. हे नेमकं काय काम, असं घरी विचारतात ना? सांग त्यांना, ॲप वापरताना लोक कुठे अडतात, किती अडतात आणि बदल केल्यावर खरंच फरक पडला का, हे आकड्यांनी शोधायचं. त्यातलं गणित तुला येतं. मी सांगेन ते एवढंच, की आकडा काढण्याआधी तो कोणाचा, हे ठरव.

आपल्याकडचंच बघ. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. तलाठी करायचे ती सातबाऱ्यावरची पिकाची नोंद शेतकरी स्वतः मोबाईलवरून करू लागला. गट क्रमांक, पीक, क्षेत्र भरायचं आणि शेतात उभं राहून फोटो काढायचा. समज, तुला कोणी विचारलं, ‘किती वापरकर्त्यांनी नोंद पूर्ण केली?’ आता वापरकर्ता कोणाला म्हणशील? एका मोबाईलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते. रावेरच्या केळीवाल्या काकांची नोंद पुतण्याने केली, तर फोन पुतण्याचा आणि सातबारा काकांचा. मोबाईल मोजलेस तर एक उत्तर येईल, खातेदार मोजलेस तर दुसरं. दोन्ही बरोबर, पण काकांना एकट्याने जमलं असतं का, ते दोन्हींतून कळत नाही. आणि ज्यांनी ॲप उघडलंच नाही, ते तर ॲपच्या वापरनोंदीत (लॉगमध्ये) येतच नाहीत. त्यांच्यासाठी बांधावर जावं लागतं.

पीक नोंदवायची मुदत संपत आली की नोंदींची झुंबड उडणारच. नेमका त्याच आठवड्यात नवा स्क्रीन आला, तर वाढीचं श्रेय त्याला फुकट मिळेल. म्हणून जमेल तिथे चिठ्ठ्या टाकून निम्म्या मोबाईलांवर जुना आणि निम्म्यांवर नवा स्क्रीन ठेव, आणि त्याच दिवसांतली तुलना कर.

प्रश्नावलीही जपून वापर. जॉन ब्रुक यांनी १९८६ साली केलेली ‘सिस्टिम युजेबिलिटी स्केल’ तुला सगळीकडे भेटेल. तिच्यात दहा विधानं, एक आड एक अनुकूल आणि प्रतिकूल. गुण ० ते १०० मध्ये येतात, पण ते टक्के नव्हेत. सरासरी ६८ च्या आसपास मानतात. साक्रीकडच्या अहिराणी बोलणाऱ्या माणसाला ‘हे ॲप उगाच किचकट आहे’ या वाक्याला ‘असहमत’ म्हणायला लावलंस, तर तो गोंधळेल. शिवाय दारी आलेल्या पाहुण्याला तोंडावर ‘वाईट आहे’ कोण सांगतं? पाचशे जणांना पाठवण्याआधी पाच जणांना वाचून दाखव.

मात्र पाच जणांना ॲपवर नोंद करायला सांगितलीस आणि चौघांना जमली, म्हणून ‘८० टक्के यश’ लिहू नकोस. एवढ्या नमुन्यावर खरा आकडा ४० च्या खालून ९५ च्या वरपर्यंत कुठेही असू शकतो. हा पल्ला अहवालात आकड्याशेजारीच छाप, तळटीपेत नको.

आणि काम हाती घेताना साहेबांना विचार, ‘आकडा जास्त आला तर काय कराल आणि कमी आला तर काय?’ दोन्हींचं उत्तर एकच असेल, तर ते मोजण्यात आठवडे घालवू नकोस. दुसरा प्रश्न माग.

ताईला नमस्कार सांग.

तुझी,
मावशी