बियाची शिदोरी

घरात रोपं तयार करताना बहुतेकांची काळजी कमी पडत नाही, ती चुकीच्या वेळी घेतली जाते. बी रुजवण्यासाठी जे केलं, तेच उगवल्यावरही करत राहिलं की रोप हातचं जातं. असं का होतं, हे कळायला एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. प्रत्येक बी आपली शिदोरी बांधून येतं आणि ती शिदोरी ठराविक दिवसच पुरते.

शिदोरी किती मोठी, हे बियागणिक बदलतं. त्यासाठी जबलपूरजवळच्या पाटण, शहापुरा भागातला प्रसिद्ध मटार पाहा. मटाराचे चार-पाच दाणे ग्रॅमभर भरतात, टोमॅटोचं बी मात्र तेवढ्याच वजनात ३०० च्या आसपास बसतं. मटाराच्या दोन्ही डाळी मातीतच राहून कोंबाला पोसतात. वरचा शेंडा मोडला तरी खालून दुसरा फुटू शकतो, म्हणून मटार थेट शेतात पेरतात. टोमॅटो, वांगी, मिरची यांची शिदोरी चिमूटभर, म्हणून त्यांना आधी घरात किंवा रोपवाटिकेत सांभाळावं लागतं. मंडला-दिंडोरीच्या जंगलातल्या सालवृक्षाचं बी तर मोठं असूनही थांबत नाही. पावसाच्या तोंडावर ते गळतं आणि आठवडा-दहा दिवसांत ओल मिळाली नाही तर मरतं.

शिदोरी शाबूत आहे तोवर बियाला तीनच गोष्टी लागतात : ओल, ऊब आणि हवा. खत नको, आणि या भाज्यांच्या बियांना उजेडाचीही घाई नसते. जबलपुरात जानेवारीत रात्रीचा पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, तर मिरचीला रुजायला २५ ते ३० अंश हवेत. म्हणून ट्रे घरातल्या उबदार कोपऱ्यात ठेवावा. टोमॅटो आठवड्याभरात वर येतो, मिरची कधीकधी दोन आठवडे घेते. हवेचा मात्र विसर पडतो. बी श्वास घेतं, आणि इथली काळी माती पाणी पडलं की चिकटून बसते. त्यापेक्षा कोकोपीटमध्ये अर्धा सेंटिमीटर खोल बी टाकावं आणि वाफसा टिकेल एवढंच पाणी द्यावं.

आता टोमॅटो-मिरचीच्या उगवण्याचा क्षण पाहू. आधी वाकलेला देठ मातीतून कमान करून वर येतो, मग तो सरळ होत दोन दलं, म्हणजे बियाच्या डाळी, वर ओढून काढतो. कधी टरफल टोपीसारखं दलांवर अडकून राहतं. ते ओढू नये. पाण्याचा थेंब लावून मऊ होऊ द्यावं. दलं उलगडून हिरवी झाली की रोप स्वतः अन्न करू लागतं, आणि त्यासाठी त्याला उजेड हवा.

इथेच कालची काळजी आज घातक ठरते. उबदार, अंधाऱ्या कोपऱ्यात रोप उरलीसुरली शिदोरी देठ लांबवण्यात खर्च करतं. देठ फिकट आणि लुळा होतो. म्हणून कोंब दिसताच ट्रे दक्षिणेच्या खिडकीत हलवावा, कारण हिवाळ्यात ऊन तिकडूनच आत येतं. ऊन येत नसेल तर पांढरी एलईडी ट्यूब रोपांच्या वीतभर वर टांगून रोज १४ ते १६ तास लावावी. पाणीही आवरतं घ्यायचं. सतत ओल्या पृष्ठभागावर पिथियम, रायझोक्टोनियासारखे रोगजंतू फोफावतात. देठ मातीलगत पाणचट होतो, दोऱ्याएवढा बारीक पडतो आणि संध्याकाळी ताठ असलेलं रोप सकाळी आडवं दिसतं. मग उपाय उरत नाही. ट्रेच्या तळाकडून पाणी शोषू द्यावं आणि वरचा थर सुकू द्यावा.

दलांनंतर येतात ती खरी पानं. ती दिसली की पातळ खत सुरू करावं. चार-पाच पानं झाली की रोप कुंडीत किंवा वाफ्यात जायला तयार होतं, पण त्याआधी आठवडाभर त्याला रोज थोडं थोडं वाढवत ऊन-वारा दाखवावा. मार्चमधलं जबलपूरचं ऊन घरात वाढलेल्या कोवळ्या पानाला एका दुपारीत करपवतं.

म्हणून रोपाचं वय दिवसांवर मोजू नये. थंडीत आठ दिवसांचं काम पंधरा दिवस चालतं. टरफल, दलं, पहिलं खरं पान यांच्याकडे रोज पाहावं, आणि त्यातलं जे बदललं असेल त्याप्रमाणे आपणही बदलावं.