डब्याचं काय झालं?

नाशिकला एक सर राहत असत. महाविद्यालयात इंग्रजी शिकवायचे आणि मराठीत कथा लिहायचे. लिहिणाऱ्याला भोवती लिहिणारी चार माणसं लागतात आणि ती आपल्याच गावात मिळतील असं नाही. सरांना ती इंटरनेटवर मिळाली होती. कोल्हापूरचे अण्णा, ज्यांचा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला. कणकवलीच्या एक सिस्टर. इंदूरच्या वहिनी. कॅलिफोर्नियात सनीव्हेलला राहणारी ताई. आणि मुंबईचा एक पोरगा, जो दिवसभर जाहिराती लिहायचा आणि रात्री कथा.

दर दुसऱ्या रविवारी रात्री साडेआठला सगळे पडद्यावर जमत. सनीव्हेलला तेव्हा सकाळचे आठ वाजलेले असत. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली की सात. ज्याची पाळी असेल त्याने आठवडाभर आधी आपला खर्डा सामायिक फाइलीत टाकायचा, बाकीच्यांनी तो वाचून समासात लिहायचं आणि रविवारी बोलायचं. सगळ्यांचं बोलून होईपर्यंत लिहिणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. हा नियम ताईने तिकडच्या लेखन कार्यशाळांमधून आणला होता. सगळ्यांना तो जड गेला, पण टिकला. अण्णा अजून श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करत, त्यामुळे त्यांची फाइल दुसरीकडे उघडली की नुसती चित्रविचित्र अक्षरं दिसायची. मुंबईचा पोरगा ती युनिकोडमध्ये आणायचा, तुटलेली जोडाक्षरं आणि भलत्याच अक्षरावर जाऊन बसलेले रफार एकेक करून नीट करायचा. त्या बदल्यात अण्णा त्याचे ऱ्हस्व-दीर्घ बघायचे. या देण्याघेण्याची नोंद कुणी ठेवत नव्हतं.

या सगळ्यांत सिस्टरांची तऱ्हा वेगळी होती. आशय, प्रतिमा, घाट असले शब्द त्या वापरत नसत. समासात फक्त पान आणि ओळ सांगून लिहीत, ‘इथे थांबले.’ कधी त्याखाली एखादा प्रश्न. एकदा वहिनींनी विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं, “मी रात्रपाळीला मोबाइलवर वाचते. मध्येच कुणाचं सलाईन संपतं, कुणाला उलटी होते, उठावंच लागतं. परत येऊन बसल्यावर जिथून पुढे वाचायला मन घेत नाही, तिथे मी खूण करते.” वाचनाची याहून कडक परीक्षा मला तरी माहीत नाही. जी कथा वॉर्डातल्या हाकांनंतरही वाचणाऱ्याला परत बोलावते, ती उभी राहिली म्हणायची.

एका मे महिन्यात सरांची पाळी आली. त्यांनी मनापासून लिहिलेली कथा टाकली. सरकारी रुग्णालयात वडील शेवटच्या घटका मोजताहेत, मुलगा बाहेर बाकावर बसून मृत्यूचा विचार करतो आहे. तिसऱ्या पानावर सून घरून डबा घेऊन येते, बाकावर ठेवते आणि आत जाते. पुढची चार पानं मुलाचं चिंतन. पहाटे वडील जातात.

ताईला भाषा आवडली. मुंबईच्या पोराला शेवट आवडला. सिस्टरांनी समासात लिहिलं होतं, ‘पान तीन. सून डबा आणते. इथे थांबले. डब्याचं काय झालं?’

रविवारी सगळ्यांचं बोलून झाल्यावर सर म्हणाले, “सिस्टर, कथा मृत्यूवर आहे. डब्यावर नाही.”

“हो सर,” सिस्टर म्हणाल्या. “पण तो डबा रात्रभर तिथेच आहे. आमच्याकडे बाकावर असा डबा दिसला की आधी तो कुणाचा ते बघतो आम्ही.”

सर पुढे काही बोलले नाहीत. त्यांना लागलं होतं. वीस वर्षं साहित्य शिकवणाऱ्या माणसाने आयुष्याच्या अंतावर सात पानं लिहावीत आणि समोरच्याने जेवणाच्या डब्याची चौकशी करावी! तीच कथा त्यांनी दुसऱ्या एका मोठ्या समूहात टाकली. तिथे फुलांचे गुच्छ आले, जोडलेले हात आले, ‘अप्रतिम’ आणि ‘निःशब्द’ आले. स्तुतीने माणूस सुखावतो, त्यात वावगं काही नाही. पण त्या शेकडो फुलांमध्ये सून कुणाच्याही लक्षात आली नव्हती. सर रविवारच्या बैठकीला येईनासे झाले. आधी ‘पेपर तपासायचेत’ असा निरोप यायचा, मग तोही बंद झाला.

जूनमध्ये कथा एका दिवाळी अंकाकडे गेली. ऑगस्टात उत्तर आलं, साभार परत. एका ओळीचं. कारण काही नाही. संपादकांना एवढ्या कथांमधून कारणं लिहायला वेळ कुठून असणार? त्या संध्याकाळी सरांना कुणाला तरी सांगावंसं वाटलं. मोठ्या समूहात हे सांगण्याची सोय नव्हती, तिथे फक्त छापून आलेलं सांगतात. घरात सांगावं तर काळजी. त्यांनी फोन हातात घेतला आणि तसाच ठेवून दिला.

सप्टेंबरात वर्गात एलियट आला. टी. एस. एलियटच्या १९२२ सालच्या ‘द वेस्ट लँड’चा खर्डा एझ्रा पाउंडने कसा निर्दयपणे छाटला आणि एलियटने ती कविता त्यालाच कशी अर्पण केली, हे सर दरवर्षी रंगवून सांगत. खर्ड्याच्या पानांची प्रतिकृती १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली. ते पुस्तक ते वर्गात नेत, पाउंडच्या फुल्या मुलांना दाखवत. या वेळी एका मुलीने पानावर बोट ठेवून विचारलं, “सर, हे दुसरं अक्षर कुणाचं?”

ते एलियटच्या बायकोचं होतं, व्हिव्हियनचं. कवी म्हणून तिचं नाव नव्हतं. तरी दारूच्या गुत्त्यातल्या बायकांच्या बोलण्यात तिने सुचवलेली ओळ एलियटने ठेवली आणि ती आजही त्या कवितेत आहे. सरांनी हे मुलांना सांगितलं. सांगता सांगता त्यांचा आवाज थोडा खाली आला. गुत्त्यातल्या बायका कशा बोलतात हे पाउंडला विचारून भागलं नसतं. रुग्णालयातल्या बाकावर काय होतं हे ज्यांना विचारायचं, त्या सिस्टर आपल्याला मिळालेल्या होत्या.

घरी येऊन त्यांनी ती जुनी फाइल उघडली. तिसऱ्या पानाचा समास भरून गेला होता. ते गेल्यानंतर बाकीचे तिथे लिहीत राहिले होते.

अण्णांनी लिहिलं होतं, ‘सिस्टर, तुमचा प्रश्न वाचल्यापासून झोप नीट लागत नाही. माझे वडील इथल्या सीपीआर रुग्णालयात होते. ज्या रात्री गेले, त्या रात्री घरून आलेला डबा मी खाल्ला. भाकरी आणि वांग्याची भाजी. भूक लागली होती. आत आई रडत होती, ते मला ऐकू येत होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.’

वहिनींनी लिहिलं होतं, ‘आमच्या जाऊबाईंनी डबा तसाच परत आणला. पुढे कित्येक वर्षं म्हणायच्या, मामंजी उपाशी गेले.’

मुंबईच्या पोराने लिहिलं होतं, ‘आम्ही वॉचमनला दिला. तो जेवताना मी बघत उभा होतो.’

ताईचं सर्वांत शेवटी होतं. ‘बाबा गेले तेव्हा मी इथे होते. डबा माझ्या हातात आलाच नाही.’

सरांनी ते सगळं परत परत वाचलं. मृत्यूवर त्यांची चार पानं होती, आणि मृत्यू होता तो या समासात. त्यांनी अण्णांना फोन लावला.

“अण्णा, माझ्या कथेवर एवढं लिहिलंत, मला कळवलं नाहीत?”

“फाइल तुमचीच आहे की, सर. उघडायची तुम्ही,” अण्णा म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, “पुण्यात रविकिरण मंडळ होतं बघा, १९२३च्या आसपासचं. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. आणि मनोरमाबाई रानडे. रविवारी चहाला जमायची ही मंडळी, कविता वाचायची. पुढे अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’ लिहून त्यांच्या लकबी साऱ्या महाराष्ट्रापुढे मांडल्या, आणि लोक अजून हसतात. मी आयुष्यभर मुद्रितं तपासली, मला एकच कळतं. चूक घरच्याने खर्ड्यावर दाखवली तर खोडता येते. छापून झाल्यावर बाहेरचा दाखवतो, तेव्हा शुद्धिपत्र जोडावं लागतं. सिस्टर तुम्हाला घरच्या समजत होत्या, म्हणून विचारलं त्यांनी.”

सर गप्प होते.

“आणखी एक सांगतो, रागावू नका. तुम्ही गेल्यापासून पाच-सहा खर्डे झाले. आम्ही तुमच्यावर लिहिलं, तुम्ही आमचा एकही वाचला नाहीत. गट टिकतो तो आपली पाळी नसताना वाचणाऱ्यांवर. स्वतःची पाळी असली की सगळेच येतात.”

“मी नवा खर्डा घेऊन येऊ का?”

“नको. वहिनींच्या कादंबरीचं दुसरं प्रकरण आलंय. ते वाचून या.”

सरांनी वहिनींचं प्रकरण वाचायला घेतलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्यांना ठिकठिकाणी मतं सुचली. निवेदन सैल आहे, काळाचा गोंधळ आहे, संवादांत हिंदी डोकावतं. सगळी त्यांनी लिहून काढली आणि मग खोडली, कारण त्यातलं एकही मत या प्रकरणाला हात लावत नव्हतं. कुठल्याही प्रकरणाला चिकटवता आलं असतं. दुसऱ्यांदा वाचताना त्यांनी एवढंच पाहिलं, की आपलं मन कुठे थबकतंय. हे फार अवघड आहे. हुशारी बाजूला ठेवून नुसतं वाचणारा म्हणून बसावं लागतं, आणि शिकलेल्या माणसाला ते सहजी जमत नाही. शेवटी समासात त्यांनी लिहिलं, ‘पान सहा. सासूबाई माजघराचं दार आतून लावून घेतात. इथे थांबलो. आत त्या एकट्याच होत्या का?’

वहिनींचं उत्तर रात्री उशिरा आलं. ‘सर, आत कोण होतं हे मला माहीत आहे. लिहायचं धाडस होत नव्हतं. आता लिहिते.’

त्या रविवारी सर आले. सनीव्हेलला आठ वाजले होते, ताई शाल पांघरून चहा घेत बसली होती. कुणी त्यांना कुठे होता म्हणून विचारलं नाही. तासभर वहिनींच्या माजघरावरच बोलणं झालं. नियमाप्रमाणे वहिनी गप्प बसून ऐकत होत्या, मधून मधून पदराने डोळे टिपत होत्या. सिस्टर या वेळी दिवसपाळीला होत्या, त्यामुळे पहिल्यांदाच त्या पूर्ण वेळ पडद्यावर दिसत होत्या.

उठता उठता वहिनींनी विचारलं, “सर, तुमची कथा कधी देताय?”

“लिहितोय,” सर म्हणाले. “चिंतनाची चारही पानं काढून टाकली. अण्णांची परवानगी मागितली, त्यांनी दिली, तेव्हा डबा मुलगा खातो. पण सुनेला ते कळतं कसं, तिथे अडलोय. तो काही तिला सांगणार नाही.”

“घासताना कळेल,” सिस्टर म्हणाल्या. “न खाल्लेला डबा वेगळा घासावा लागतो.”

वहिनींना ते मुळीच पटलं नाही. डबा उचलल्या उचलल्या वजनावरून बाईला कळतं, घासायची वाट कशाला बघायला हवी, असं त्यांचं म्हणणं. ताई म्हणाली, कळलं तरी ती दाखवणार नाही, तेराव्यापर्यंत तरी नाही. मुंबईच्या पोराने विचारलं, तिने स्वतः त्या रात्री काही खाल्लं होतं का? यावर सगळे एकदम बोलू लागले, आणि सर वही ओढून लिहून घेऊ लागले.